इंजिनाची वाट पाहणारी विमानं



आज मी ज्या विमानाबद्दल बोलणार आहे, ते कधी उडालं नाही. उडणं दूरच, ते पुरतं बांधूनही झालं नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते आराखड्यांत होतं, वातबोगद्यातल्या छोट्या नमुन्यांत होतं आणि काही माणसांच्या डोक्यात होतं. युद्ध संपलं आणि ते तिथेच राहिलं. अशा विमानासाठी आपण सगळ्यांनी एक संध्याकाळ का द्यायची?

यशस्वी विमानाकडे पाहताना त्यातलं काय कशामुळे जमलं हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. अर्धवट राहिलेल्या विमानात मात्र कोणतं कोडं सुटलं होतं आणि कोणतं सुटलं नव्हतं, हे उघडं दिसतं. म्हणून मला ती विमानं जास्त शिकवतात. शिवाय हा धागा जर्मनीत सुरू होऊन अर्जेंटिनामार्गे थेट आपल्या बंगळूरला येतो आणि त्याच्या एका टोकाला कोल्हापूर जिल्ह्यातला एक माणूस उभा आहे. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

विमानाचं नाव टा १८३. जर्मनीच्या फॉके-वुल्फ कंपनीचं. ‘टा’ ही अक्षरं कंपनीचे तांत्रिक प्रमुख कुर्ट टँक यांच्या आडनावावरून आली. टँक स्वतः विमानं आखायचे आणि स्वतःच ती चालवून पाहायचे. त्यांचं चार इंजिनांचं प्रवासी विमान, फॉके-वुल्फ २०० कोंडोर, ऑगस्ट १९३८ मध्ये बर्लिनहून निघालं आणि कुठेही न उतरता सुमारे २५ तासांत न्यूयॉर्कला पोचलं. युद्धात त्यांच्याच फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानानं ब्रिटिश वैमानिकांना जेरीला आणलं. टा १८३ ची आखणी मात्र मुख्यतः हान्स मुल्टहॉप या तरुण वायुगतिशास्त्रज्ञाची. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या संस्थेत तयार झालेला हा माणूस तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला होता.

१९४४ च्या उत्तरार्धात जर्मन हवाई दलानं कंपन्यांपुढे मागणी ठेवली: एक वैमानिक, एक जेट इंजिन, ७,००० मीटर उंचीवर ताशी १,००० किलोमीटर वेग आणि ३० मिलिमीटरच्या चार तोफा. मेसरश्मिट, हाइंकेल, युंकर्स, ब्लोम उंड फोस, सगळ्यांनी आराखडे दिले. फेब्रुवारी १९४५ अखेर निवड झाली ती टा १८३ ची.

ही तारीख नीट लक्षात घ्या. फेब्रुवारी १९४५ अखेर! सोव्हिएत फौजा ओडर नदीच्या काठावर, म्हणजे बर्लिनच्या दाराशी आल्या होत्या. ७ मार्चला अमेरिकन सैन्यानं रेमागेनच्या पुलावरून ऱ्हाईन ओलांडली. ८ एप्रिलला ब्रिटिश फौजा बाड आइलसन या गावात शिरल्या. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं, हवापालटाला जाण्याचं ठिकाण. ब्रेमेनवर बॉम्ब पडू लागल्यावर फॉके-वुल्फनं आपला डिझाईन विभाग तिथे हलवला होता. निवड आणि शेवट यांत जेमतेम सहा आठवडे गेले.

कसं होतं हे विमान? आखूड, गोलसर धड. पुढे नाकातच हवा ओढणारं तोंड. त्यामागे वैमानिक, त्यामागे इंजिन. पंख ४० अंश मागे वळलेले. उभं शेपूट तर ६० अंश मागे कललेलं आणि आडवं शेपूट त्याच्या अगदी माथ्यावर बसवलेलं. कारखान्यात त्याला ‘हुकेबाइन’ म्हणत, विल्हेल्म बुश यांच्या सचित्र गोष्टीतल्या खोडकर डोमकावळ्याच्या नावावरून. १९५० च्या सुमाराची लढाऊ विमानं आठवा. अमेरिकेचं सेबर, सोव्हिएत मिग-१५. हा आराखडा त्यांच्या शेजारी ठेवला तर परका वाटत नाही. १९४५ मध्ये बाकीचं जग सरळ पंखांच्या विमानांत बसलं होतं.

मग हे पंख मागे का वळवले? आजच्या व्याख्यानातला पहिला मोठा मुद्दा हा आहे.

विमान ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागलं की एक विचित्र संकट उभं राहतं. विमान अजून ध्वनीपेक्षा हळू असतं, पण पंखाच्या फुगीर पाठीवरून घसरणारी हवा त्याहून वेगानं जाते आणि काही जागी ध्वनीचा वेग ओलांडते. तिथे आघातलहर तयार होते. विरोध एकदम वाढतो, पंख थरथरतो, दांडी ओढली तरी विमान ऐकत नाही. युद्धात सूर मारताना कितीतरी वैमानिक या सापळ्यात सापडले.

आता वाहत्या ओढ्यात एक फळी प्रवाहाला काटकोनात धरा. पाण्याचा पुरा जोर तुमच्या हातावर येतो. तीच फळी तिरपी करा, जोर कमी होतो. पंखाचं असंच आहे. पंख तिरपा असला की येणाऱ्या हवेचा जो भाग पंखाच्या कडेला काटकोनात येतो, तेवढाच खऱ्या अर्थानं पंखावर काम करतो. उरलेला भाग पंखाच्या लांबीवरून सरकत जातो. पंख ४० अंश वळवला, तर ताशी १,००० किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाच्या पंखाला सुमारे ७६६ किलोमीटरच जाणवतात. संकट टळत नाही, पण पुढे ढकललं जातं. लढाऊ विमानाला ताशी शंभर-दीडशे किलोमीटर पुढे ढकलणं म्हणजे जीवन आणि मरण यांतलं अंतर.

ही कल्पना गुप्त होती का? मुळीच नाही, आणि माझ्या मते या कहाणीतली सर्वांत नवलाची गोष्ट हीच आहे. १९३५ मध्ये रोमला व्होल्टा परिषद भरली. जगातले मोठमोठे वायुगतिशास्त्रज्ञ तिथे होते. जर्मनीच्या अडोल्फ बुझेमान यांनी तिथे, भर सभेत, तिरप्या पंखाचं तत्त्व मांडलं. सगळ्यांनी ऐकलं आणि बहुतेकांनी विसरून टाकलं. का? १९३५ मध्ये जेट इंजिनच नव्हतं. पंख्याच्या विमानाला त्या वेगाची गरजही नव्हती आणि शक्यताही नव्हती. उत्तर आधी आलं होतं, प्रश्न अजून यायचा होता. गटिंगेनला मात्र आल्बर्ट बेट्झ यांनी ती कल्पना उचलली आणि १९३९ पासून तिच्या वातबोगद्यात चाचण्या सुरू झाल्या. मुल्टहॉप याच वातावरणातले.

इथे दोन गोष्टींचं भान ठेवायला हवं. एक, मेसरश्मिट २६२ हे पहिलं लढणारं जेट विमान. त्याचे पंख मागे वळलेले दिसतात, म्हणून तिथे हेच शास्त्र वापरलं असं अनेकजण लिहितात. तसं नाही. त्याचे पंख साडेअठरा अंशच वळवले होते, इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाली आणि तोल सांभाळायचा होता म्हणून. दुसरी, अमेरिकेत रॉबर्ट जोन्स १९४५ च्या सुरुवातीला, जर्मन कागद हाती येण्यापूर्वी, स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते. जर्मन प्रयोगांचे आकडे मे १९४५ मध्ये फोल्कनरोड इथे अमेरिकनांना सापडले, तेव्हा बोइंगच्या जॉर्ज शेअरर यांनी तिथूनच कंपनीला पत्र धाडलं आणि बोइंगच्या नव्या बॉम्बफेकी विमानाचे सरळ पंख तिरपे झाले. सेबरचंही तसंच. म्हणजे पंखाचं ज्ञान काही महिन्यांत महासागर ओलांडून गेलं. पत्रातून, आकड्यांच्या तक्त्यांतून, माणसांच्या डोक्यातून ते प्रवास करू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा याच्या उलटा आहे.

दुसरा मुद्दा इंजिनाचा. आजच्या व्याख्यानाचं मर्म इथे आहे.

टा १८३ ज्या इंजिनाभोवती आखलं होतं, ते हाइंकेल कंपनीचं एचईएस ०११. त्यामागे हान्स फॉन ओहाइन यांचं काम होतं. फॉन ओहाइन म्हणजे ज्यांच्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ ला, महायुद्ध सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, रोस्टॉकजवळ जगातलं पहिलं जेट विमान उडालं ते संशोधक. एचईएस ०११ कडून १,३०० किलोचा रेटा अपेक्षित होता. मेसरश्मिट २६२ च्या युमो ००४ या इंजिनाचा रेटा ९०० किलो. कागदावर उडी मोठी होती. प्रत्यक्षात? युद्ध संपेपर्यंत एचईएस ०११ ची जेमतेम १९ इंजिनं तयार झाली आणि तीही चाचणीपुरती. मागणी असलेलं एक विमान निवडलं गेलं, त्याचे नमुने बनवायचं ठरलं आणि त्याचं हृदयच जागेवर नव्हतं. म्हणून पहिले नमुने कमी ताकदीच्या युमो इंजिनावर उडवायचं ठरत होतं.

आणि युमो तरी कसं होतं? आन्सेल्म फ्रांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमालीच्या अडचणीत ते घडवलं. जेट इंजिनात टर्बाईनची पाती तापून लाल होतात आणि त्याच वेळी मिनिटाला हजारो फेरे घेतात. अशा तापात आपला आकार धरून ठेवणारं पोलाद हवं, म्हणजे निकेल हवं, क्रोमियम हवं. जर्मनीकडे ते नव्हतं. मग ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले आणि वरून ॲल्युमिनियमचा लेप दिला. पाती पोकळ केली, आतून हवा खेळवून थंड ठेवायची म्हणून. कल्पकता वाखाणण्यासारखी होती. पण इंजिनाचं आयुष्य किती? १० ते २५ तास. त्यानंतर ते उतरवायचं. वैमानिकानं थ्रॉटल जरा घाईनं पुढे ढकलला की इंजिन पेट घ्यायचं किंवा विझायचं.

हा एकट्या टा १८३ चा प्रश्न नव्हता. हाइंकेल २८० घ्या. दोन इंजिनांचं हे जेट लढाऊ विमान १९४१ च्या वसंतातच उडालं होतं, मेसरश्मिट २६२ जेटवर उडण्याच्या वर्षभर आधी. त्यात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही होती. जानेवारी १९४२ मध्ये हेल्मुट शेंक यांनी त्या खुर्चीनं जीव वाचवला, जगात पहिल्यांदा. विमान चांगलं होतं, पण त्याचं एचईएस ८ इंजिन अपेक्षित रेटा देईना. मार्च १९४३ मध्ये कार्यक्रम बंद. आता अटलांटिकपलीकडे चला. १९४२ मध्ये लॉकहीडच्या केली जॉन्सन यांच्या चमूनं अमेरिकन लष्करापुढे एल-१३३ नावाचं जेट लढाऊ विमान ठेवलं. पुढे लहान पंख, मागे मोठे पंख आणि कंपनीचंच एल-१००० इंजिन. काळाच्या फार पुढे. लष्करानं नकार दिला. इंजिन कुठे होतं? तेही कागदावरच.

लोक म्हणतात ‘नवं विमान’, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आकार येतो. पंख, नाक, शेपूट. आकाराचं चित्र काढता येतं, ते मासिकाच्या मुखपृष्ठावर छापता येतं. पण विमान उडतं ते इंजिनावर, आणि इंजिन म्हणजे धातुशास्त्र, ओतकाम, बेअरिंग, इंधनाच्या नळ्या, हजारो तासांच्या कंटाळवाण्या चाचण्या, फुटलेली पाती, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याचं चित्र मुखपृष्ठावर येत नाही. ते पत्रानं पाठवताही येत नाही.

निकेल नव्हतं तसं ॲल्युमिनियमही तोकडं होतं. टा १८३ च्या पंखाचे मुख्य दांडे धातूचे, पण फासळ्या लाकडी आणि वरचं आवरण प्लायवूडचं. लाकूड वाईट नसतं, ब्रिटिशांचं मॉस्किटो लाकडाचंच होतं. पण लाकडाला सरस हवा, आणि जर्मनीचा भरवशाचा विमानी सरस बनवणारा वुपरटालचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला होता. बदली सरस लाकूडच खायचा. टँक यांच्याच टा १५४ या लाकडी विमानाला त्याचा फटका बसला. हाइंकेल १६२ हे ‘लोकांचं लढाऊ विमान’ तर मागणीपासून उड्डाणापर्यंत तीन महिन्यांत उभं केलं. ६ डिसेंबर १९४४ ला ते उडालं आणि चार दिवसांनी अधिकाऱ्यांच्या देखत पंखाचा भाग निखळून वैमानिक गोटहोल्ड पेटर ठार झाला. टा १८३ वेळेवर बांधलं असतं तर त्याच्या वाट्याला यातलं काय आलं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

मित्रहो, आता जे सांगतो ते विमानांच्या पुस्तकांत तळटीपेत ढकललेलं असतं. मला ते तळटीपेत ठेवायचं नाही. या विमानांभोवती एक मोहजाल तयार झालं आहे. ‘जर्मनीला आणखी सहा महिने मिळाले असते तर’ असं मोठ्या कौतुकानं बोललं जातं. ते सहा महिने कोणाच्या पाठीवर मोजले गेले असते? नॉर्डहाउझेनजवळच्या कोन्स्टाइन डोंगराच्या पोटात युमो इंजिनं बनत होती. मिटेलबाउ-डोरा छळछावणीचे कैदी त्या डोंगरात राबत होते. त्या छावणीत आणि तिच्या शाखांत मिळून सुमारे ६०,००० माणसं कोंबली गेली आणि त्यांतली सुमारे २०,००० जिवंत परतली नाहीत. ऑस्ट्रियात सांक्ट गेऑर्गनच्या बोगद्यांत गुसेन छावणीचे कैदी मेसरश्मिट २६२ ची धडं बनवत होते. टा १८३ चं उत्पादन झालं असतं तर ते याच व्यवस्थेनं केलं असतं, दुसरी व्यवस्था उरलीच नव्हती. आराखड्याची रेषा कितीही देखणी असो, ती ज्या राजवटीसाठी ओढली गेली ती राजवट माणसं खात होती. हे विमान सोडून द्यावं लागलं याचं मला दुःख नाही. आनंद आहे. मुल्टहॉप यांच्या बुद्धीबद्दल आदर बाळगूनही मी हे म्हणतो.

इथवरचं एकदा गोळा करू या. तिरप्या पंखाची कल्पना १९३५ पासून उघड होती. तिचं विमानात रूपांतर टा १८३ नं कागदावर उत्तम केलं. इंजिन नव्हतं, धातू नव्हता, सरस नव्हता, आणि जे मनुष्यबळ होतं ते गुलामांचं होतं. मग एप्रिल १९४५ उजाडला. पुढे काय झालं?

पुढे माणसं निघाली, आपापली डोकी घेऊन.

मुल्टहॉप ब्रिटनला फार्नबरोला गेले, तिथून अमेरिकेला मार्टिन कंपनीत. त्यांनी तिथे पंखांशिवाय केवळ धडाच्या आकारावर तरंगणाऱ्या यानाची कल्पना वाढवली. त्यातून एक्स-२४ हे प्रायोगिक यान आलं, ज्यानं अवकाशातून परत येणाऱ्या यानांचा अभ्यास सोपा केला. स्पर्धेत हरलेलं मेसरश्मिट पी-११०१ अमेरिकनांना ओबरआमरगाउला जवळजवळ तयार अवस्थेत सापडलं, आणि त्यावरून बेल एक्स-५ घडलं, उडता उडता पंखाचा कोन बदलणारं पहिलं विमान.

आणि मिग-१५? टा १८३ ची नक्कल म्हणजे मिग-१५, हे इतक्या वेळा छापलं गेलंय की ते खरंच वाटू लागतं. आकार सारखा दिसतो, मान्य. पण सोव्हिएत वायुगतिशास्त्राची संस्था तिरप्या पंखांवर स्वतः काम करत होती, आणि मिगचे पंख, शेपूट, बांधणी वेगळी आहे. शिवाय मिगला पंख देणारे कोणी असोत, त्याला उडवलं कोणी? रोल्स-रॉईसच्या नीन इंजिनानं. ब्रिटननं ते सोव्हिएत संघाला विकलं, त्यांनी त्याची स्वतःची आवृत्ती काढली, आणि ३० डिसेंबर १९४७ ला मिग-१५ उडालं. नीनचा रेटा २,२०० किलोहून जास्त होता. एचईएस ०११ नं स्वप्नात पाहिला त्याच्या दीडपटीहून अधिक. आराखड्याच्या वारशावर वाद घालणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

कुर्ट टँक १९४७ मध्ये पेद्रो मॅथिस या नावानं अर्जेंटिनाला पोचले. अध्यक्ष पेरॉन यांना स्वतःचं जेट लढाऊ विमान हवं होतं. कोर्दोबाला टँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुल्की-२ बांधलं. तिरपे पंख, माथ्यावरचं शेपूट, आखूड धड. टा १८३ चे कागद जसेच्या तसे उतरवले असं मी म्हणणार नाही, पण विचार तोच. इंजिन? ब्रिटिश नीन, आयात केलेलं. जून १९५० मध्ये ते उडालं. टँक यांनी स्वतःही ते चालवलं. आणि उडाल्यावरच त्याचा एक दोष कळला, जो वातबोगद्यानं पुरता सांगितला नव्हता. नाक फार वर उचललं की पंखामागची विस्कटलेली हवा त्या उंच शेपटीवर येते आणि शेपूट निकामी होतं. १९५१ मध्ये एक विमान वैमानिकासह गेलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये प्रात्यक्षिकाचा सराव करताना ऑटो बेरेन्स मरण पावले. ते युद्धकाळात जर्मनीच्या रेशलिन चाचणी केंद्राचे प्रमुख होते. पाच नमुने झाले, मालिका कधीच झाली नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता उलथली आणि पैसा आटला.

आणि १९५६ मध्ये टँक बंगळूरला आले. आता आपण आपल्या घरात आहोत.

बंगळूरचा तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं सुरू केला होता. हिंदुस्थान एअरक्राफ्ट. आणि तिथे डिझाईन विभाग घडवत बसलेले होते विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. १९३० च्या दशकात गटिंगेनला जाऊन त्यांनी प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. मुल्टहॉप ज्या संस्थेत घडले तीच संस्था, आणि तेच दशक. म्हणजे टँक आपल्यासोबत जर्मन ज्ञान घेऊन आले, हे अर्धंच खरं आहे. त्या ज्ञानाचा एक प्रवाह वीस वर्षं आधीच मराठी माणसानं आणून बंगळूरला रुजवला होता. घाटगे यांचं प्रशिक्षण विमान एचटी-२ १९५१ मध्येच उडालं होतं. परदेशी पाहुण्यांच्या कहाणीत त्यांचं नाव एका ओळीत उरकलं जातं, याचा मला नेहमी त्रास होतो.

टँक यांनी भारतासाठी आखलं ते एचएफ-२४ मरुत. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान हवं होतं. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं आणि त्याची ७८ उड्डाणं करून हवेतला स्वभाव तपासला. १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी मरुत प्रथम उडवलं. शेपूट आता खाली आणलेलं होतं. धडाचा मध्य कमरेसारखा आवळलेला. कोर्दोबाचे धडे घेतलेले दिसतात. विमान इतकं देखणं होतं की आजही कोणी त्याच्या आकाराला नाव ठेवत नाही.

आणि इंजिन?

मरुत आखलं होतं ते ब्रिस्टलच्या ऑर्फियस १२ या इंजिनाभोवती. आफ्टरबर्नरसह एकेकाचा रेटा सुमारे ३,७०० किलो. ते इंजिन विकसित करायचा खर्च ब्रिटननं उचलला नाही आणि आपणही द्यायला तयार झालो नाही. मग तात्पुरतं म्हणून ऑर्फियस ७०३ बसवलं. रेटा सुमारे २,२०० किलो, आफ्टरबर्नर नाही. ते तात्पुरतं इंजिन कायमचं झालं. सोव्हिएत इंजिनांचा विचार झाला. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर यांनी केलेलं ई-३०० इंजिन एका मरुतला लावून हेलवानला उडवूनही पाहिलं. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेही संपलं. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडकून राहिलं. टँक १९६७ मध्ये परतले. १० जानेवारी १९७० ला, आफ्टरबर्नर बसवलेल्या मरुतची चाचणी घेताना, सुरंजन दास यांनी प्राण गमावले. आपल्या इंजिनाच्या शोधात गेलेला तो माणूस होता, हे मला या सभागृहात मोठ्यानं सांगायचं आहे.

मरुत वाईट होतं का? १९७१ च्या युद्धात लोंगेवाला आणि नया छोरच्या आघाडीवर जमिनीलगत उडत त्यानं शत्रूच्या फौजांवर मारा केला, अंगावर गोळ्या झेलून एका इंजिनावर परत आलं. ७ डिसेंबरला एका मरुतनं पाकिस्तानचं सेबर पाडलं. हवाई झुंजीत शत्रूला एकही मरुत पाडता आलं नाही. १४७ विमानं बनली आणि १९९० मध्ये शेवटची निवृत्त झाली. कमी इंजिनावर त्यानं जे केलं त्यावरून पुरं इंजिन मिळतं तर काय झालं असतं, हे मोजा.

१९४५ मध्ये बाड आइलसनला इंजिन नव्हतं, कारण निकेल नव्हतं आणि देश पेटला होता. १९६० च्या दशकात बंगळूरला इंजिन नव्हतं, कारण विमानाला पैसा द्यायचा आणि इंजिनाला नंतर पाहू, असं आपण ठरवलं. पहिली परिस्थिती नाइलाजाची होती. दुसरी आपण निवडली. म्हणून दुसरीबद्दल मी जास्त कठोर आहे. घाटगे यांच्या एचटी-२ चं इंजिन ब्रिटिश सिरस मेजर होतं. १९६४ मध्ये उडालेल्या त्यांच्या किरण या जेट प्रशिक्षण विमानाचं इंजिन ब्रिटिश वायपर. मरुतचं ब्रिटिश ऑर्फियस. तेजससाठी बंगळूरलाच १९८९ मध्ये कावेरी इंजिनाचा प्रकल्प सुरू झाला, २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा काढला, आणि तेजस अमेरिकन एफ-४०४ वर उडतं. मी कावेरीच्या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. उच्च तापमानात टिकणारी एकस्फटिकी पाती ओतणं हे जगात बोटांवर मोजता येतील इतक्या देशांना येतं आणि ते सहजासहजी कोणी विकत नाही. दोष आहे तो विमानाच्या पहिल्या उड्डाणाला फुलं घेऊन जाणाऱ्या आणि इंजिनाच्या चाचणीघराकडे फिरकतही नसलेल्या आपल्या सगळ्यांच्या नजरेचा.

मुंबईत असाल तेव्हा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मरुत उभं आहे, ते पाहा. म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या विमानसंग्रहालयातही भारतानं बांधलेलं एक मरुत ठेवलं आहे. मुलांना घेऊन गेलात तर आधी मागच्या बाजूला जा, दोन नळकांड्यांपाशी. तिथे काय बसायचं होतं आणि काय बसलं, हे त्यांना सांगा.

इंजिनांच्या धातूंबद्दल कोणाला विचारायचं असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर विचारा, विशेषतः इथे आलेल्या विद्यार्थ्यांनी.